ॲडिनॉइड काढल्याने मुलाची ॲलर्जी जाते का?

प्रश्न (धायरीची आई):
नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तो रात्री तोंड उघडे ठेवून घोरतो, उशी लाळेने ओली होते आणि सकाळी उठल्याबरोबर त्याला एकापाठोपाठ एक शिंका येतात. एक्स-रेमध्ये ॲडिनॉइड वाढल्याचे दिसले. आधी तीन महिने नाकातला स्टेरॉइडचा फवारा वापरावा, मग शस्त्रक्रियेचे ठरवू, असे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितले आहे. सासूबाईंना मात्र वाटते की, एकदा ती गाठ काढली की शिंकाही थांबतील. ॲलर्जीचे मूळ तिथेच असते का?

उत्तर (निवृत्त बालरोगतज्ज्ञ, सदाशिव पेठ):
ताई, ॲडिनॉइडचा ॲलर्जीत सहभाग असतो, पण मूळ तिथे नसते. नाकाच्या मागे, घशाच्या छतावर असलेले हे ऊतक टॉन्सिलच्याच जातीचे आहे. नाकातून आत येणारी हवा त्याच्यावरून जाते आणि त्याच्या घड्यांत अडकलेले जंतू, परागकण व धुळीचे कण तिथल्या पेशी ओळखून ठेवतात. एरवी तिथल्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, आयजीए आणि आयजीजी ही संरक्षक प्रतिपिंडे तयार करतात. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या मुलांत मात्र टी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींकडून इंटरल्युकिन-4 आणि 13 या संदेशवाहक प्रथिनांचे संदेश मिळाल्यामुळे त्यांतील काही बी पेशी आयजीई या ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडाकडे वळतात. अशा मुलांच्या काढलेल्या ॲडिनॉइडमध्ये आयजीई धारण करणाऱ्या पेशी आणि इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सापडलेले आहेत. परंतु हीच प्रक्रिया नाकाच्या अस्तरातही चालू असते, आणि ते अस्तर काही आपण काढत नाही! शस्त्रक्रियेने घोरणे आणि कानात पाणी साचणे कमी होते. शिंका बहुधा राहतात.

उत्तर (कोथरूडचा बाबा):
आमच्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच झाले. चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच आठवड्यात ती तोंड मिटून झोपू लागली, परंतु शिंका थांबल्या नाहीत. पुढे त्वचेच्या चाचणीत धुळीतील माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कीटक) आणि गाजरगवत या दोन्हींची ॲलर्जी निघाली. हे गवत भारतात 1950च्या दशकात प्रथम नोंदले गेले ते आपल्या पुण्यातच, आणि आजही पावसाळ्यात इथला एकही मोकळा प्लॉट त्यावाचून दिसत नाही. ही चाचणी आम्हाला कोणी आधी सुचवली नाही, याची खंत वाटते.

प्रश्न (धायरीची आई):
ॲडिनॉइड काढल्यास प्रतिकारशक्ती कमी होते का?

उत्तर (निवृत्त बालरोगतज्ज्ञ, सदाशिव पेठ):
2018 साली प्रसिद्ध झालेल्या, डेन्मार्कमधील सुमारे 12 लाख मुलांच्या अभ्यासात, वयाच्या पहिल्या नऊ वर्षांत ॲडिनॉइड काढलेल्यांना पुढे श्वसनविकार अधिक झाल्याचे दिसले. तथापि मुळात ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांचीच शस्त्रक्रिया होते, त्यामुळे दोष शस्त्रक्रियेचाच असे त्यावरून ठरत नाही. झोपेत श्वास अडत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर थांबू नये. तसे नसल्यास तीन महिने फवारा नेमाने द्यावा, कारण वयाच्या सातव्या-आठव्या वर्षानंतर हे ऊतक बहुतेक मुलांत आपोआप आक्रसू लागते. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने फवारा मारावा, म्हणजे बाटलीचे टोक मधल्या पडद्याकडे न वळता बाहेरच्या बाजूला राहते आणि नाकातून रक्त येण्याचा त्रास टळतो.