जुन्या सायकलची कॉटर सारखी सैल होते, घरच्या घरी पक्की कशी बसवायची?

मंडळी, मदत हवी आहे. कॉटर म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या एक्सलवर पक्का धरून ठेवणारी लोखंडी पाचर, तीच टिकत नाहीये.

बाबांची अठ्ठावीस इंची काळी सायकल आहे, रॉडच्या ब्रेकची. कळव्याहून वागळे इस्टेटला ते वर्षानुवर्षं हिच्यावरून कंपनीत गेले. आता मी भाजी आणायला आणि स्टेशनला जायला वापरते.

डावं पायडल खाली येताना एका ठरावीक जागी पाय किंचित घसरतो आणि 'कट्' आवाज येतो. सपाटीला कळतही नाही, पण कळव्याच्या पुलाचा चढ लागला की दर फेऱ्याला. उजवा क्रँक धरून डावा हलवला तर एकटा डावाच हलतो, म्हणजे एक्सलचे छर्रे नव्हेत, कॉटरच. नवी कॉटर घातली की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. काढून बघितली तर तिच्या सपाट बाजूवर आडवी खाच पडलेली असते. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून मध्ये घातला, तोही चेपला.

बाकी कामं घरीच होतात. टायर चिरला तर आतून जुन्या टायरचा तुकडा, हवा उतरायला लागली की व्हॉल्व्हची रबरी नळी नवीन. साखळीच्या २४ कड्या पट्टीवर १२ इंचांपेक्षा १/८ इंच जास्त भरल्या तेव्हा साखळीही मीच बदलली. एवढी कॉटरच ऐकत नाही. सायकलवाला म्हणतो क्रँक-एक्सल सगळं नव्या पद्धतीचं टाका. मला बाबांच्या सायकलचे मूळ क्रँक जपायचे आहेत. कॉटरऐवजी जाड बोल्ट ठोकला तर चालेल का?

प्रतिसाद १
ताई, बोल्ट अजिबात नको. गोल बोल्ट एक्सलच्या सपाटीला एका रेषेतच टेकतो, दोन्ही खराब करतो. पत्राही नको.

कॉटरच्या सपाट बाजूला दिव्याची काजळी लावा, घालून हलकं ठोका, काढून बघा. काजळी जिथे पुसली तेवढीच ती टेकते. ती जागा बारीक कानशीने घासत राहा, डाग सगळ्या सपाटीवर पसरेपर्यंत. घाई करू नका, जास्त घासली तर कॉटर फुकट. बसवताना क्रँकखाली जाड लोखंडी पाइप जमिनीवर उभा टेकवा आणि मग हातोडा मारा, नाहीतर मार छर्‍यांवर जातो. नट आवळून कॉटर ओढून घेऊ नका, आटे जातात. नट फक्त धरून ठेवायला. थोडी चालवलीत की पुन्हा ठोका, पुन्हा आवळा. आणि दोन्ही बाजूंच्या कॉटर उलटसुलट हव्यात, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत.

प्रतिसाद २
आधी एक्सल बघा. त्याची सपाटी गोल झाली असेल तर कुठलीच कॉटर टिकणार नाही. क्रँकचं भोक लांबट झालंय का तेही. एक्सल सुटा मिळतो, जुना सोबत नेऊन लांबी जुळवून घ्या. कॉटरही जुनी नेऊनच घ्या, ९ आणि ९.५ मिलिमीटर दोन्ही येतात. बारीक पडली तर कितीही ठोका, हलणारच.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार! एक्सलवरून नख फिरवून पाहिलं, खाच लागत नाही. पण माझ्याकडच्या नव्या कॉटर जुनीपेक्षा बारीक निघाल्या! आता जुनी घेऊनच दुकानात जाते. काजळीचा डाग कसा येतो त्याचा फोटो इथे टाकेन, किती घासायचं ते तेव्हा सांगा.