मदत हवी आहे: आपल्या नावांच्या अक्षरांतून रोमन नावं कशी काढायची?

खडूवाली

आमच्या सोसायटीच्या स्नेहमेळाव्याला यंदा मुलांनी 'रोमन मेजवानी' ठरवली आहे. चादरींचे टोगा, पुठ्ठ्याच्या तलवारी, द्राक्षांचे घोस हे सगळं पालक बघताहेत. छातीवर लावायचे नावाचे बिल्ले माझ्या गळ्यात पडलेत. नुसती प्रसिद्ध नावं वाटली तर सगळ्यांनाच सीझर व्हायचंय आणि ब्रूटस कोणालाच नको. म्हणून मी नियम काढला: प्रत्येकाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग घ्यायचं, त्याच अक्षरांची उलटापालट करायची आणि रोममध्ये खपलं असतं असं नाव काढायचं. एकही अक्षर उरता कामा नये, बाहेरचं घ्यायचं नाही.

सुरुवात झकास झाली. सुनील म्हणजे एस-यू-एन-आय-एल. त्याचा सरळ लिनस होतो. परंपरेप्रमाणे संत पीटरनंतर रोमचा बिशप झालेला तो हाच. विलासकाकांचा सिल्व्हा झाला. लुसियस फ्लाव्हियस सिल्व्हा या सेनापतीने इ.स. 73-74 च्या सुमारास मसादाचा किल्ला घेतला, हे कळल्यापासून काका जिना चढतानाही रुबाबात चढतात. धाकट्या रेवाची वेरा झाली.

आता अडलंय ते असं:

सुमतीआजींच्या अक्षरांतून मॅटियस आणि सुनीतामावशींच्या अक्षरांतून अँटियस निघतो. दोन्ही खरी रोमन नावं, पण पुरुषांची! बायकांची करायला शेवटी 'ए' हवा. तो दोघींकडे एकेकच आहे आणि तो आधीच खर्ची पडलाय.

सुर्वेकाकांच्या दारावर 'एल. सुर्वे' अशी पाटी आहे. पूर्ण नाव लांबलचक आहे. नुसतं आडनाव घेतलं तर चालेल का? मग त्या 'एल'चं काय करू?

आणि ऋषिकेश, क्षितिज या मंडळींचे 'एच', 'के', 'जे' कुठे घालू? दोघंही रोज संध्याकाळी येऊन 'झालं का?' विचारतात.

टवाळ_तात्या

अक्षरं टाकली की शब्द काढून देणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत की. इतका खटाटोप कशाला?

खडूवाली

तात्या, बघितल्या. त्या इंग्रजी शब्द देतात. रेवाला 'रेव्ह' पार्टीला पाठवायची नाहीये मला.

शिळाप्रेमी

आधी अक्षरांचं बघू. रोमन साम्राज्याच्या काळात लॅटिनमध्ये तेवीस अक्षरं होती. 'जे' आणि 'यू' वेगळे नव्हते, 'डब्ल्यू' नव्हताच. 'आय' हाच 'जे' आणि 'व्ही' हाच 'यू'. त्यामुळे ही अदलाबदल बिनधास्त करा, फसवणूक होत नाही. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरचं हे टोपणनावसुद्धा त्याच्या आरूए या आडनावात 'धाकटा'ची दोन आद्याक्षरं मिसळून, 'यू'चा 'व्ही' आणि 'जे'चा 'आय' करून बनलं असं बहुतेक जण मानतात. 'के' रोमन लोक क्वचित वापरत, त्याचं काम 'सी' करायचा, तेव्हा तेही बदलून टाका. 'वाय' आणि 'झेड' फक्त ग्रीक शब्दांसाठी होते.

आता सुर्वेकाका. तुमच्या लक्षात आलंय का की एस-यू-आर-व्ही-ई उलटसुलट केलं की व्हेरस होतो? आणि तुम्हाला जो 'एल' नकोसा झालाय, तोच खरा ऐवज आहे. रोमन पुरुषाच्या नावाचे साधारण तीन भाग असत: प्रेनोमेन म्हणजे घरी हाक मारायचं नाव, नोमेन म्हणजे कुळाचं आणि कॉग्नोमेन म्हणजे शाखेचं किंवा चिकटलेलं. घरी हाक मारायची नावं इतकी मोजकी होती की शिलालेखात ती आद्याक्षरानेच कोरत. एम म्हणजे मार्कस, पी म्हणजे पब्लियस, क्यू म्हणजे क्विंटस, टी म्हणजे टायटस. सी म्हणजे मात्र गायस, कारण 'जी' हे अक्षर इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आलं आणि संक्षेप जुनाच राहिला. एल म्हणजे लुसियस. म्हणजे तुमचे काका झाले लुसियस व्हेरस! मार्कस ऑरेलियसबरोबर 161 ते 169 या काळात राज्य केलेला सम्राट. दारावरची पाटी फक्त उलटसुलट करून लावायची, एक अक्षर कमी-जास्त होत नाही.

म्हणून उरलेलं अक्षर दिसलं की आधी ते प्रेनोमेनच्या संक्षेपात बसतंय का बघा. वडिलांच्या नावाचं आद्याक्षरही वापरता येईल. आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसं तेही लावत. रोममधल्या पॅन्थिऑन या मंदिराच्या दर्शनी भागावर 'एम. अग्रिप्पा एल. एफ.' असं कोरलेलं आजही दिसतं: मार्कस अग्रिप्पा, लुसियसचा मुलगा. 'एफ' म्हणजे फिलियस, मुलगा. अडलेल्या 'एफ'चीही सोय झाली.

बायकांचं सोपं आहे. रोमन मुलीला वेगळं नाव शोधत बसत नसत, बापाच्या कुळाचं नावच स्त्रीलिंगी करून देत. प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो, त्याचं कुळ टुलियस, मुलगी टुलिया. दोन मुली असल्या की थोरली-धाकटी लावायचं, तिसरी झाली की 'तिसरी'. (मुलींच्या बाबतीत सारं जग एकसारखं कंजूष.) तेव्हा कोडं पुल्लिंगी रूपात सोडवा आणि बिल्ल्यावर स्त्रीलिंगी रूप लिहा. सुमतीआजी मॅटिया, सुनीतामावशी अँटिया. आजींना सांगा, गायस मॅटियस हा सीझरचा जिवलग मित्र. सीझरच्या खुनानंतरही मैत्री नाकारायला तयार नव्हता, तसं त्याने सिसेरोला पत्रात ठणकावलं. मावशींच्या कुळातल्या अँटियस रेस्टियोने मेजवान्यांच्या उधळपट्टीवर कायदा आणला होता. तो लोक धाब्यावर बसवताना बघावं लागू नये म्हणून हा गृहस्थ म्हणे पुढे कोणाकडे जेवायलाच गेला नाही.

खडूवाली

शिळाप्रेमी, काय सांगू! काकांना आत्ताच फोन केला, त्यांनी बायकोला 'सम्राज्ञी' म्हणून हाक मारली आणि पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला. मावशींनी मात्र विचारलंय की मग त्या दिवशी आमरस एकदाच वाढणार का.

ऋषिकेशचं कोणी बघेल का?

बंदरवाट

'श'चा प्रश्न त्या लोकांनीच सोडवून ठेवलाय. ग्रीक-रोमन जिभेला आपला 'श' आणि 'च' जमत नसत, ते 'स' किंवा 'त'वर भागवत. चंद्रगुप्ताचा त्यांनी सँड्रोकोटस केला. ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या दुसऱ्या शतकातल्या भूगोलात उज्जैनचा राजा चष्टन हा तियास्तनीस आहे, आणि आपल्या पैठणला सिरोप्टोलेमैओस नावाचा राजा बसवलाय! तो म्हणजे सातवाहनांचा श्री पुळुमावी. 'श्री'चं 'सिरो' झालं आणि पुळुमावीला त्यांच्या ओळखीच्या नावात कोंबलं. तेव्हा 'एच' खुशाल गाळा, टॉलेमीची परवानगी आहे.

ऋषिकेशमधले दोन्ही 'एच' गेले आणि 'के'चा 'सी' केला की उरतं आर-यू-एस-आय-सी-ई-एस. त्याचं सेरिकस. लॅटिनमध्ये रेशमी किंवा रेशीमवाल्यांच्या देशाचा. रोमन कॉग्नोमेन अशा विशेषणांवरूनच पडत, त्यामुळे शोभून दिसेल. टोग्याला आईच्या जुन्या पैठणीचा काठ लावा.

खडूवाली

सेरिकस पसंत! काठाचं त्याच्या आईला विचारते, पैठणीला हात लावू देईल असं वाटत नाही. आता एकटा क्षितिज उरला. 'एच' काढला तरी एक एस, एक टी आणि 'जे' धरून तीन आय. स्वर दुसरा नाहीच.

शिळाप्रेमी

'के' उरतोय तो काएसो या प्रेनोमेनचा संक्षेप म्हणून पुढे ठेवा, तिथे 'के'च लिहीत. बाकीच्यात 'यू' किंवा 'ए' आल्याशिवाय गाडी हलणार नाही. त्याचं आडनाव काय आहे?