मदत हवी आहे : मुंबई ते लंडन प्रवासाचे नेमके किती तास धरावेत?

नमस्कार. मी ठाण्यात, कोपरीला राहते. माझी ७२ वर्षांची आई जानेवारीत भावाकडे लंडनला एकटी निघाली आहे. ती रोज रात्री ९ वाजता इन्सुलिन घेते, आणि प्रवासाचे खरे तास कळल्याशिवाय त्या दिवसाची वेळ ठरवून देता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

माझा हिशेब इथेच अडला आहे. मुंबई ते हीथ्रो हे अंतर साधारण ७२०० किलोमीटर आहे, आणि विमान ताशी ९०० किलोमीटरने जाते असे धरले तर ८ तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला संध्याकाळी साडेपाचला उतरायचे आहे, म्हणजे साडेपाच तासांचा फरक मिळवला की पूर्ण १० तास होतात. परतीचे विमान रात्री साडेनऊला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता मुंबईत येते, त्याचे ९ तासच भरतात. अंतर एकच असताना हा फरक का पडतो, आणि आईच्या औषधासाठी कोणता आकडा धरावा? कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हे तीनदा मांडून पाहिले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे. फक्त ७२०० किलोमीटर हे सरळ रेषेतले अंतर आहे आणि विमान त्या रेषेवरून जात नाही. ती रेषा पाकिस्तान आणि पुढे युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, त्यामुळे त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिकच वाढतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. तुमचा एक तासाचा फरक मुख्यतः त्यातूनच आला आहे. तिकिटावरची वेळही विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीकडे सरकत जाण्यातला आणि हीथ्रोवर घिरट्या घालाव्या लागल्या तर त्यातला वेळही तिच्यातच धरलेला असतो.

म्हणून १० तासच धरा. आपल्याकडचे रात्रीचे ९ म्हणजे उड्डाणानंतर ८ तासांनी, लंडनमध्ये दुपारचे साडेतीन, आणि तेव्हा आई विमानातच असतील. डॉक्टरांना हे असेच सांगा. उतरेपर्यंत त्यांच्या मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा. इन्सुलिन मात्र हातातल्या पिशवीतच असू द्या, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. घरातून सकाळी आठलाच निघा, म्हणजे पूर्व द्रुतगती महामार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता तुंबला तरी सहारला तीन तास आधी पोहोचाल.