‘सकारात्मक’ हा शब्द आणि नॉर्मन व्हिन्सेंट पील

प्रश्न :
नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ च्या ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’ या पुस्तकाविषयी लिहिताना ‘पॉझिटिव्ह’साठी ‘सकारात्मक’ हाच शब्द चटकन हाती येतो, पण तो लिहिताना मी दर वेळी अडखळतो. मराठीत ‘नकार’ आणि त्याच्यासमोर ‘होकार’ आहे. मग हा ‘सकार’ कोठून आला? आणि पील यांना जे म्हणायचे होते, ते या शब्दात उतरते का?

प्रतिसाद :
‘कार’ हा प्रत्यय लागला की उच्चाराचे नाव तयार होते. ‘न’ म्हणणे तो नकार, ‘हो’ म्हणणे तो होकार, तसेच ओंकार आणि हुंकार. या न्यायाने ‘सकार’ म्हणजे केवळ ‘स’ हे अक्षर, आणि त्याचा अर्थ ‘हो’ असा होत नाही. शाळेच्या व्याकरणात आपण वाक्ये ‘होकारार्थी’ आणि ‘नकारार्थी’ अशीच शिकलो. हिंदीत मात्र ‘सकारना’ हे क्रियापद आहे. हुंडी मान्य करण्यासाठी ते वापरले जाई आणि त्याचा संबंध ‘स्वीकार’शी जोडला जातो. ‘सकारात्मक’ हिंदीच्या वाटेने आला आणि ‘नकारात्मक’शी यमक जुळल्यामुळे रुजला, असा माझा अंदाज आहे. तरीही इतका रुळलेला शब्द केवळ व्युत्पत्तीसाठी हाकलून देण्याच्या मी विरुद्ध आहे.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पील यांचा जन्म १८९८ मध्ये अमेरिकेतील ओहायोत, मेथॉडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या एका पाळकाच्या घरी झाला आणि १९३२ पासून ५२ वर्षे ते स्वतः न्यूयॉर्कच्या मार्बल कॉलेजिएट चर्चचे पाळक होते. या पुस्तकाला त्यांनी आधी ‘विश्वासाचे सामर्थ्य’ अशा अर्थाचे नाव दिले होते आणि चर्चबाहेरच्या वाचकांपर्यंतही ते पोहोचावे म्हणून प्रकाशकाच्या बाजूने ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ पुढे आले, असे सांगितले जाते. म्हणजे आपण ज्या शब्दाशी झगडतो आहोत, तोच मुळात ‘विश्वास’ या शब्दाच्या जागी आलेला आहे. येथे ‘श्रद्धा’ऐवजी ‘विश्वास’ मी मुद्दाम लिहिला. मराठी ख्रिस्ती बोलीत आणि मराठी बायबलात हाच शब्द चालतो, येशूच्या वचनात मोहरीच्या दाण्याएवढा असतो तो विश्वासच. ते मोहरीचे वचन आणि ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल (इंग्रजीत पॉल) याने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले ‘सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो’ या आशयाचे वचन, ही पील यांची आवडती वचने होती. पुस्तकाची सुरुवात मात्र ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ या सांगण्याने होते. देवावरचा विश्वास आणि आत्मविश्वास यांची ही सरमिसळ राइनहोल्ड नीबूर यांच्यासारख्या धर्मशास्त्रज्ञांना खटकली आणि माझ्या मते त्यांचा आक्षेप रास्त होता. अमेरिकी राजकारणी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी तर ‘पॉल अपीलिंग (भावणारा) वाटतो, पील अपॉलिंग (भयंकर) वाटतात’ अशी कोटी केली. मराठीत पौल आणि पील यांच्यात एका स्वराचेच अंतर असूनही ती कोटी उतरवता येत नाही, हे आपले दुर्दैव.

प्रश्नकर्ता :
मग ‘विधायक’ किंवा ‘आशावादी’ कसे वाटते?

प्रतिसाद :
‘विधायक’ हे कार्याचे किंवा टीकेचे विशेषण आहे. ते मनाला लावले की सार्वजनिक सभेतला सूर येतो. ‘आशावादी’ माणूस बरे होईल अशी अपेक्षा धरतो, तर पील यांचा वाचक ते होणारच असे धरून प्रार्थनेला बसतो. तत्त्वज्ञानात ‘पॉझिटिव्ह’साठी वापरला जाणारा ‘भावात्मक’ आज ‘भावनिक’ असाच वाचला जाईल. इंग्रजी ‘पॉझिटिव्ह’चे लॅटिन मूळ ‘ठेवलेले, मांडलेले’ या अर्थाचे आहे. त्यातून ‘ठाम, पक्के’ हा अर्थ आला आणि ‘आय अॅम पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘माझी खात्री आहे’ या वापरात तो टिकून आहे. ‘सकारात्मक’मध्ये मान्यता आहे, पण ही खात्री नाही. म्हणून लेखाच्या शीर्षकात रूढ शब्द ठेवून, जेथे पील प्रार्थनेविषयी बोलतात तेथे मी ‘निःशंक’ लिहीन. बायबलातल्या याकोबाच्या पत्रातही, मागणाऱ्याने संशय न धरता विश्वासाने मागावे असेच सांगितले आहे.