मदत हवी आहे : इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांच्याविषयी

नमस्कार. आमच्या वाचनगटासाठी मी नॅटली झेमन डेव्हिस (1928–2023) यांच्या कारकिर्दीवर लेख लिहीत असून दोन बाबतींत जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

सोळाव्या शतकातील फ्रान्सच्या लियों शहराच्या छापखान्यांतील कामगारांवर त्यांचे संशोधन चालू असताना, 1952 मध्ये, अमेरिकी सरकारने त्यांचे व त्यांच्या पतीचे पासपोर्ट जप्त केले आणि फ्रान्समधील दफ्तरखान्यांची वाट काही वर्षे बंद झाली. मग अमेरिकेतल्या ग्रंथालयांत मिळणाऱ्या त्या काळच्या छापील पुस्तकांवरच त्यांनी काम पुढे रेटले. 1959 मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. या सक्तीमुळे त्यांची अभ्यासपद्धतीच बदलली असे म्हणता येईल का, की ते मागाहून चिकटवलेले स्पष्टीकरण ठरेल? मला पहिले पटते, पण आधार अपुरा वाटतो.

दुसरी बाब मार्तां गेर प्रकरणाची, म्हणजे सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये घर सोडून गेलेल्या एका शेतकऱ्याच्या जागी तोतया येऊन राहिला त्या खटल्याची; डेव्हिस यांनी त्यावर पुस्तक लिहिले आहे. तोतया नवऱ्याला मार्तांची पत्नी बेर्त्रांद हिने जाणूनबुजून साथ दिली, हे डेव्हिस यांचे प्रतिपादन इतिहासकार रॉबर्ट फिनले यांनी 1988 मध्ये ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’मध्ये खोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि त्याच नियतकालिकात डेव्हिस यांनी सविस्तर उत्तर दिले. (आपल्याकडे पानिपतानंतरच्या तोतया सदाशिवरावभाऊंची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु लेखात ती तुलना मी टाळणार आहे.) या वादाचा निवाडा नंतरच्या अभ्यासकांनी कसा केला, हे कोणी वाचले असल्यास कृपया संदर्भांसह कळवावे. डेव्हिस यांच्यावर मराठीत काही लेखन झाले असल्यास तेही सुचवावे.