१९८६ची एप्सम डर्बी : डान्सिंग ब्रेव्हच्या पराभवाचे खापर कोणाच्या माथी?

‘लगाम’, ‘कोरेगावकर’, ‘गणिती’ आणि ‘तिसरा फर्लांग’ या चौघांतील वाद

लगाम :
४ जून १९८६ रोजी इंग्लंडमधील एप्समच्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा अर्ध्या लेंथने (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरला. त्याआधी न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज त्याने तीन लेंथने जिंकली होती, डर्बीत सट्टेबाजारात दोनास एक या भावाने तो फेवरिट, म्हणजे जिंकण्याची सर्वाधिक अपेक्षा असलेला घोडा होता, आणि पुढे त्याच वर्षी एक्लिप्स, किंग जॉर्ज आणि पॅरिसची आर्क या तिन्ही शर्यती त्याने मारल्या. किंग जॉर्ज आणि आर्क या दोन्हींत डर्बीचा विजेता शाहरस्तानी चौथा आला. आधीही श्रेष्ठ आणि नंतरही श्रेष्ठ असलेला घोडा मधल्या एका दुपारी का हरतो, याचे माझ्या मते एकच समाधानकारक उत्तर आहे : जॉकी ग्रेव्हिल स्टार्की याने त्याला चुकीच्या शर्यतीत मागे ठेवले.

‘चुकीच्या शर्यतीत’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मागे थांबणे हा दोष नाही. पुढचे घोडे सुरुवातीपासून जोरात पळत असतील तर ते शेवटच्या दोन फर्लांगांत (एक फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर) थकतात आणि मागून येणाऱ्याला आयती संधी मिळते. मात्र शर्यत संथ चालली असेल तर पुढच्यांच्या अंगात जोर शिल्लक राहतो, आणि मागच्याला त्यांच्यापेक्षा नुसते वेगाने नव्हे, तर फारच वेगाने पळावे लागते. त्या दिवशी विजेत्याची वेळ २ मिनिटे ३७.१३ सेकंद होती. पुढच्याच वर्षी रेफरन्स पॉइंट या घोड्याने आरंभापासून आघाडी घेऊन तेच अंतर २ मिनिटे ३३.९० सेकंदांत कापले. म्हणजे १९८६ची शर्यत संथच होती. डान्सिंग ब्रेव्हने शेवटून दुसरा फर्लांग १०.३ सेकंदांत पार केल्याचे सांगितले जाते. हा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर होतो. एवढे करूनही जो घोडा अर्धी लेंथ कमी पडतो, त्याच्याकडून अशक्य काम मागितले गेले होते, असेच म्हणावे लागेल.

कोरेगावकर :
आपली मांडणी नेटकी आहे, परंतु ती निकाल ठाऊक झाल्यानंतरची आहे. शर्यतीच्या सकाळी स्टार्कीला काय माहीत होते, हा खरा प्रश्न आहे. डान्सिंग ब्रेव्ह हा लिफार्ड या घोड्याचा मुलगा, आणि लिफार्डची ख्याती मुख्यतः मैलाच्या आसपासच्या अंतरांवरची. मुलगा तोपर्यंत डर्बीचे २४०० मीटर अंतर एकदाही पळाला नव्हता. अशा घोड्याचा दम शेवटापर्यंत राखून ठेवावा, असे जॉकीला वाटले तर त्याला मूर्ख कसे म्हणायचे? किंग जॉर्ज आणि आर्क जिंकून घोड्याने आपला दम सिद्ध केला तो जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. जूनमध्ये ते प्रमाणपत्र कोणाच्याच खिशात नव्हते.

दुसरे म्हणजे, हाच स्टार्की १९७८ साली याच एप्समवर शर्ली हाइट्सला मागून आणून, हवाइयन साउंडला अखेरच्या ढांगांत गाठून, केवळ एका डोक्याच्या फरकाने डर्बी जिंकला होता. तेव्हा त्याच्या धीराचे कौतुक झाले. त्याच धीराला आठ वर्षांनी अपराध ठरवायचे असेल, तर आपण जॉकीचे परीक्षण करत नसून निकालाचे करत आहोत.

आणि एप्समला आपण पूर्णच विसरलात. तेथे सुरुवातीला चढ आहे, नंतर टॅटनम कॉर्नरपर्यंत वळणावळणाचा उतार आहे, आणि शेवटचा सरळ पट्टासुद्धा आतल्या कठड्याकडे कललेला आहे. उतारावर घोड्याचा तोल सावरत नव्हता, ही स्टार्कीच्या बाजूने केली जाणारी सबब मला पूर्णपणे पटण्यासारखी वाटते. महालक्ष्मीच्या सपाट ट्रॅकवर इंडियन डर्बी पाहून ज्यांची नजर तयार झाली आहे, त्यांना २४०० मीटर म्हणजे २४०० मीटरच वाटतात. एप्समला ते तसे नसतात.

गणिती :
दोनास एक या भावाचा अर्थच असा की बाजाराच्या मते तो घोडा तीनपैकी सुमारे दोन वेळा हरेल. फेवरिट एकंदरीत एक तृतीयांशाच्या आसपासच शर्यती जिंकतात. मैदानात सतरा घोडे होते. जी गोष्ट घडण्याची शक्यता अधिक होती ती घडली, तर तिच्यासाठी गुन्हेगार शोधण्याची घाई कशाला?

लगाम :
गणिती, आपले म्हणणे शंभर शर्यतींच्या बेरजेला लागू पडते. एखाद्या शर्यतीचे कारण मागितले असता सरासरी दाखवणे म्हणजे उत्तर टाळणे होय.

कोरेगावकर, शर्ली हाइट्सचा दाखला माझ्याच बाजूने बोलतो. त्याने जे अंतर तोडले ते त्याला तोडता येण्याजोगे होते. १९८६ साली सरळ पट्टा सुरू झाला तेव्हा डान्सिंग ब्रेव्ह जवळजवळ सर्वांच्या मागे होता. दमाची शंका होती हे मान्य. परंतु संथ शर्यतीत दमाची परीक्षा कमी होते आणि अखेरच्या झेपेची अधिक होते, म्हणजे शंका खरी धरली तरी त्याला पुढच्या घोड्यांच्या जवळ ठेवण्यात धोका कमीच होता. तोल बिघडला असेल, तर तो घोळक्याच्या मागून बाहेर काढून अचानक पळवताना अधिक बिघडला, असेही म्हणता येईल.

कोरेगावकर :
मग आर्कचे काय? ५ ऑक्टोबर १९८६ रोजी लाँगशाँ येथे पॅट एडरी याने याच घोड्याला मागे ठेवले, बाहेरच्या बाजूने आणले, आणि बेरिंगला दीड लेंथने मागे टाकले. तीच युक्ती तेथे अलौकिक आणि एप्समला अक्षम्य?

लगाम :
युक्ती तीच, शर्यत निराळी. ती आर्क २ मिनिटे २७.७ सेकंदांत, म्हणजे त्या वेळच्या विक्रमी वेळात झाली. पुढचे घोडे जोरात पळत होते, म्हणून मागून आलेल्याला फळ मिळाले. माझा आक्षेप पहिल्यापासून एवढाच आहे की थांबण्याचा निर्णय पुढच्यांचा वेग पाहून घ्यावा लागतो.

तिसरा फर्लांग :
दोघांच्याही लेखनात विजेता शाहरस्तानी जवळजवळ गैरहजर आहे. पुण्यातील आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्यांच्या नातवाचा हा घोडा. मायकेल स्टाउट त्याचा ट्रेनर, आणि जॉकी वॉल्टर स्विनबर्न, ज्याने १९८१ साली एकोणिसाव्या वर्षी शेरगारवर दहा लेंथने डर्बी जिंकली होती. स्विनबर्नने शाहरस्तानीला पुढच्या घोड्यांत ठेवले, योग्य क्षणी आघाडी घेतली आणि ती टिकवली. पुढे हाच घोडा आयरिश डर्बी आठ लेंथने जिंकला. स्टार्कीने काय केले नाही याची चर्चा करताना स्विनबर्नने काय केले तेही सांगावे.

शिवाय प्रत्येक पराभवामागे जॉकीचीच चूक असते असे नाही. त्याच शेरगारने सप्टेंबर १९८१मध्ये डॉनकॅस्टरच्या सेंट लेजरला प्रचंड फेवरिट असताना चौथा क्रमांक मिळवला, आणि जिंकला तो कट अबव्ह, ज्याला शेरगारने आयरिश डर्बीत सहज मागे टाकले होते. त्याचे खापर आपण कोणत्या जॉकीवर फोडणार?

लगाम :
सेंट लेजर डर्बीपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक लांब आहे. तेथे अंतराचे कारण मला पुरते. स्विनबर्नविषयी आपले म्हणणे रास्त आहे, पण त्याची चाल यशस्वी झाली ती स्टार्की मागे असल्यामुळेही.

कोरेगावकर :
मग नोव्हेंबरमधील, अमेरिकेतल्या सांता अनिताची शर्यतही जमेस धरा. ब्रीडर्स कप टर्फमध्ये डान्सिंग ब्रेव्ह पुन्हा फेवरिट होता, पाठीवर आपले आवडते एडरी होते, आणि तो मनीला, थिएट्रिकल आणि एस्ट्रापेड यांच्या मागे चौथा आला. लांबलेला हंगाम, समुद्रापारचा प्रवास, आखूड वळणांचा ट्रॅक, अशी कारणे तेथे सर्वजण मान्य करतात. एडरीला दिलेली ही सवलत स्टार्कीला का नाकारली जाते, याचे उत्तर आपण अद्याप दिलेले नाही.