इंजिन गरम झालं की आयडलला (उभ्यानं, ॲक्सिलरेटर न देता) गाडी थरथरते, स्कॅनरवर कोड पी०३०३. सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ (परभणी):
२०१६ ची १.२ लिटर, चार सिलिंडर पेट्रोल. नंतर बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. रनिंग ८५,००० किमी, त्यातलं बहुतेक गॅसवरच. सकाळी थंड इंजिनला सगळं ठीक. टेम्परेचरचा काटा मधोमध आला की उभ्या गाडीला थरथर सुरू होते, आरपीएम ६५० ते ८०० मध्ये वरखाली. एसी लावला की जास्त. १,५०० च्या वर गेलं की एकदम मऊ. अधूनमधून चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, थ्रॉटल बॉडी साफ झालीय. गॅरेजवाले म्हणायलेत चारी इंजेक्टर बदला. बदलू का?

बालाघाट:
थांबा, इंजेक्टर घेऊ नका. पी०३०३ चा अर्थ एवढाच की तिसऱ्या सिलिंडरमध्ये नीट जाळ होत नाही. का होत नाही ते कोड सांगत नसतो.

आधी हे बघा: थरथर फक्त गॅसवर आहे, फक्त पेट्रोलवर आहे की दोन्हीवर? इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, आणि स्विचने इंधन बदलून दोन्हीवर दोन-दोन मिनिटं नुसतं उभ्यानं चालू ठेवा. फक्त गॅसवर असेल तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टरची रेल. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोल इंजेक्टर किंवा टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल. दोन्हीवर सारखीच असेल तर चारी पेट्रोल इंजेक्टरांचा खर्च पाण्यात, कारण गॅसवर ते बंदच असतात.

मग तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसा, गरम करून परत स्कॅन करा. पी०३०१ आला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर प्लगचीही अशीच अदलाबदल.

प्लग नवीन असला तरी गॅप मोजा. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. पेट्रोलसाठी १.० ते १.१ मिमी गॅपचा प्लग तसाच बसवला की गॅसवर मिसफायर व्हायला लागतो. ०.७ ते ०.८ ठेवतात. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून उडतेय. तेव्हा कॉइलचं रबर बूटही बदला, नाहीतर नवा प्लगही तसाच जाईल. प्लगच्या खड्ड्यात ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग बघा.

आणि दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून वितळतो. तो भाग या सगळ्यांत महाग.

काळीमाती:
वरचं बरोबर आहे, पण किटच्या गाडीत एक जागा हमखास राहून जाते. बाहेरून किट बसवताना मॅनिफोल्डला (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांना) भोकं पाडून गॅसचे नोझल ठोकतात. त्यातला एखादा ढिला झाला की नेमक्या त्याच सिलिंडरला फुकटची हवा मिळते. इंजिन चालू ठेवून नोझलच्या बुडाशी पाण्याचा बारीक फवारा मारा. क्षणभर आवाज बदलला तर गळती तिथंच. पाणी वायरिंगवर जाऊ देऊ नका. कार्ब क्लीनरचा फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर कुणी सांगितला तरी मारू नका, पेट घेतो.

फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघताना एक लक्षात ठेवा. एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत हवा गळत असेल तर आयडलला लाँग टर्म ट्रिम +१५ च्या वर जातो आणि २,५०० आरपीएमला खाली येतो. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत तसा चढेलच असं नाही, कारण आत शिरलेली हवाही दाबात मोजली जाते. तिथं आयडलच वाढलेला दिसतो. ट्रिम पेट्रोलवर वेगळा, गॅसवर वेगळा लिहून घ्या. किटचं कॅलिब्रेशन चुकलेलं असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गॅसवर शिकलेली चूक पेट्रोलवरही लावत राहतो.

मॅपचं चावी-ऑन (इंजिन बंद) रीडिंग समुद्रसपाटीसारखं १०१ आलं नाही म्हणून सेन्सर बाद ठरवू नका. परभणी-नांदेडकडं ९७ किलोपास्कलच्या आसपास आणि लातूर-अंबाजोगाईच्या पठारावर ९३-९४ हेच बरोबर आहे.

गाडी शेतात उभी राहत असेल तर फिल्टरचा डबा आणि इंजेक्टरची वायरिंगही उघडून बघा. ऊसतोड सुरू झाली की उंदीर बॉनेटखाली घर करतात.

रस्त्याकडेला:
इंजिन फाउंडेशन (इंजिनखालचे रबरी आधार) बसलं असेल तरी थरथर येते की.

काळीमाती:
येते, पण मग आरपीएमचा काटा हलत नाही आणि पी०३०३ येत नाही.

गोदाकाठ:
करून बघितलं. दोन्ही इंधनांवर सारखंच. कॉइल, प्लग अदलाबदल करूनही पी०३०३ च. नोझल घट्ट. ट्रिम पेट्रोलवर +४. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम इंजिनवर १७२, १६८, ११८, १७० पीएसआय. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

बालाघाट:
चारी प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजलं असेल तर ११८ म्हणजे बाकीच्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी. उत्तर यातच आहे. रिंग की वॉल्व्ह हे असं ठरवा: प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाका आणि परत मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा. तसाच राहिला तर वॉल्व्ह. जास्त ऑइल ओतू नका, जागा भरल्यानं आकडा उगाच चढतो.

पक्कं करायचं तर तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणा, वरचा गियर आणि हँडब्रेक लावा, आणि प्लगच्या जागी अडॅप्टर बसवून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

माझा अंदाज एक्झॉस्ट वॉल्व्हचा. गॅस कोरडा जळतो, त्यामुळं वॉल्व्हची सीट झिजते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कमी होतो. थंड असताना थोडा गॅप उरलेला असतो. गरम झाल्यावर वॉल्व्हची दांडी वाढते, गॅप संपतो, वॉल्व्ह पूर्ण बसत नाही. तुमची गाडी सकाळी ठीक आणि नंतर बिघडते ते यामुळंच. वेगात गळायला वेळ कमी मिळतो, म्हणून १,५०० च्या वर कळत नाही.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजून घ्या. एक्झॉस्टला बऱ्याच इंजिनांत ०.२५ ते ०.३० मिमीच्या आसपास असतो, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हे ॲडजस्टमेंट नसतंच. गॅप लावून कॉम्प्रेशन बाकीच्यांच्या जवळ आलं तर काम तिथंच संपलं. नाही आलं तर वॉल्व्हचा काठ जळलाय. मग हेड उतरवून वॉल्व्ह आणि सीट करावी लागेल, आणि तेव्हा एकट्या तिसऱ्याचं न करता चारींची करून घ्या.

गोदाकाठ:
ऑइल टाकून १२२. उद्या सकाळी टॅपेट कव्हर उघडतो.

बालाघाट:
कव्हरचं नवीन पॅकिंग आधी आणून ठेवा, जुनं परत बसवलं तर गळतं. गॅप लावल्यावर आधी पेट्रोलवर चालवा, ट्रिम स्थिर झाल्यावर मगच गॅसचं कॅलिब्रेशन लॅपटॉपवर परत करून घ्या.